एका घरची चव दुसऱ्या घरी



शेजारच्या घरात आमटीला फोडणी पडली की तिचा वास आपल्या ओसरीवर येतो. दुसऱ्या दिवशी पाण्याला जाताना आपण विचारतो, "काल काय केलं होतं हो, काकू?" काकू सांगतात. सांगताना माप हातानेच दाखवतात, चिमूटभर, मूठभर, आणि वर म्हणतात, "अंदाजानं घालायचं ग!" एवढ्याशा या बोलण्यालाही इतिहास असतो, असं कुणाला वाटणार नाही. लढाया आणि तह शाळेच्या पुस्तकात सनावळीसकट आहेत. काकूंची आमटी तिथे नाही. आज मी तुम्हांला एका घरची पाककृती दुसऱ्या घरी कशी गेली, ते सांगणार आहे. शिक्षक मंडळींनी जरा अधिक लक्ष द्यावं, अशी विनंती आहे. यातलं बरंचसं अजून कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि ते तुमच्याच वर्गातल्या मुलांच्या घरी सापडण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यायची ती ही, की आपल्याकडे शिजलेलं अन्न सहजासहजी एका घरातून दुसऱ्या घरात जात नसे. कुणाच्या हातचं कुणी खावं याचे नियम जातीजातींनी घालून ठेवले होते. ब्राह्मण शिधा घेई. शिधा म्हणजे कोरडं पीठ, डाळ, तांदूळ, तूप, गूळ. पण त्याच घरी शिजलेला भात त्याला चालत नसे. घरातल्या घरातही सोवळ्यातली चूल निराळी. गावकुसाबाहेरच्या वस्तीला शिळंपाकं वरून टाकलं जाई, तिथला घास मात्र कधी गावात येत नसे. मग अशा गावात चवी फिरल्या कशा? मला वाटतं, त्या बोलण्यातून फिरल्या. भाताला जी वाट बंद होती, ती सांगण्याला बंद नव्हती. शेतावर कुणबिणीने सांगितलेली माठाची भाजी वाड्यातल्या चुलीवर शिजली तरी चूल बाटत नसे, कारण हात आणि भांडं वाड्यातलंच. पाककृती ही कोरड्या शिध्यासारखीच गेली. तीही काही सगळीकडे गेली नाही. त्याविषयी पुढे बोलूच.

अन्नाचं बंधन केवढं होतं, हे आपल्या एका सर्वांना ठाऊक असलेल्या कथेत आहे. मुक्ताबाईला मांडे करायचे होते. विसोबा चाटी आडवा आला आणि कुंभाराने खापर देऊ नये, असा त्याने बंदोबस्त केला. तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी पेटवला आणि बहिणीने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. ही कथा आहे, इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. पण कथा रचणाऱ्याला घरगुती व्यवहार पक्का ठाऊक होता. एखाद्या घराला वाळीत टाकायचं तर त्याचं भांडं अडवायचं! शिवाय मांड्याला पालथं खापरच लागतं, हेही त्याला माहीत होतं. खानदेशात आजही पुरणाचे मांडे पालथ्या खापरावरच भाजतात, हे तिकडच्या श्रोत्यांना मी सांगायला नको.

याच मांड्यांचं वर्णन ज्ञानदेवांच्या आधी सुमारे दीडशे वर्षं एका राजाने करून ठेवलं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात अन्नभोगाचं एक प्रकरणच आहे. मांडे, पुऱ्या, वडे, मांसाचे नाना प्रकार, इतकंच काय, भाजलेले शेतातले उंदीरसुद्धा! पुढे सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने 'भोजनकुतूहल' लिहिलं. ग्रंथ संस्कृत, पण मधूनमधून पदार्थांची आपली मराठी नावं देत गेलेला. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. ही मोलाची साधनं आहेत. पण त्यांत राजाचं ताट दिसतं आणि पंडिताचं ज्ञान दिसतं. खापरावर हात पोळून घेणारी बाई, तिला हे कुणी शिकवलं आणि तिने कुणाला शिकवलं, ते त्यांत सापडत नाही.

तिचं काम पाहायचं असेल तर उपवासाच्या ताटाकडे पाहा. 'मानसोल्लासा'त मिरची नाही. असणार कशी? ती अमेरिकेतली. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांच्या वाटेने नव्या जगातली पिकं आपल्या किनाऱ्याला लागत गेली. त्याआधी तिखटपणा मिऱ्याचा, पिंपळीचा, आल्याचा. नव्या फळाला आपल्या लोकांनी मिऱ्यावरूनच नाव दिलं, मिरची. बटाटा, काजू, पाव, कोबी हे शब्द तर पोर्तुगीजांचेच. आता एकादशीचं ताट घ्या. बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, हिरवी मिरची, साबुदाण्याची खिचडी. यांतली एकही वस्तू मुळात आपल्या देशची नाही! साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे सेलम भागात त्याचे कारखाने निघाले ते १९४० नंतर. आणि गहू, तूर, हरभरा ही जुनी घरची धान्यं मात्र उपवासाला वर्ज्य.

हा निवाडा कुणी दिला? कुठल्या धर्मसभेत बटाट्यावर खल झाला आणि ठराव पास झाला, असं काही माझ्या वाचनात नाही. 'आमच्याकडे चालतं' आणि 'आमच्याकडे नाही चालत' या दोन वाक्यांवर हा सगळा कारभार चालला. आजही एका घरी उपवासाला कोथिंबीर चालते आणि शेजारच्या घरी चालत नाही. कुणी तरी पहिल्यांदा धान्य नव्हे म्हणून बटाटा उपवासाला घेतला असेल, दुसरीने तो पाहिला असेल, तिसरीने तिच्याकडून ऐकला असेल. शास्त्रीबोवांना पुढे ते मान्य करावं लागलं. स्वयंपाकघराने शास्त्राला वळण लावल्याचं याहून मोठं उदाहरण मला तरी आठवत नाही.

अर्थात बोलण्यातून जाणारी गोष्ट वाटेत बदलते. मराठी एक असली तरी चुलीची भाषा दर दहा कोसांवर निराळी. वऱ्हाडातली बाई सांगते, "वरून सांबार घाला." पुण्याची बाई चक्रावते, डाळीच्या भाजीवर आणखी सांबार कशाला? वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर; सांबारवडी ही कोथिंबिरीची वडी. कोल्हापूर-सातारकडे 'दोन चमचे चटणी' म्हणजे लाल तिखटाचा मसाला. दुसरीकडची नवी सून तिथे खोबऱ्याची चटणी शोधत बसायची! मराठवाड्यात आमटीला येसूर लावतात. भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं हे पीठ. कोकणातल्या बाईला हा शब्दच परका. उलट कोकणातली बांगड्याच्या कालवणात तिरफळं घालायला सांगते, ती घाटावर कुणी पाहिलेलीच नसतात. अशा वेळी सांगणारीला नुसती कृती सांगून भागत नाही. ती म्हणते, "तिरफळं नाहीत? मग राहू द्या. आमसुलं मात्र चुकवू नका." काय सोडलं तर चालेल आणि काय सोडलं तर पदार्थच जाईल, हे कळणं म्हणजे निम्मा स्वयंपाक येणं.

आता छापील पुस्तकांकडे वळतो. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' निघालं. मराठीतल्या अगदी आरंभीच्या छापील पाकपुस्तकांपैकी हे एक, आणि लिहिणारा पुरुष. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं. आता लेखणी बाईच्या हाती आली होती. लक्ष्मीबाई पाठारे प्रभू समाजातल्या. मुंबईतल्या या जुन्या समाजाची भुजणं, आटलं हे प्रकार त्याआधी त्यांच्या घराबाहेर फारसे कुणी ऐकलेही नसतील. शिजलेलं अन्न ज्या घरात कधी गेलं नसतं, त्या घरात पुस्तक गेलं.

परंतु छापलं तरी मापाचं काय करायचं? ही मोठी अडचण होती, आणि इथे शिक्षकांना गणिताचा एक तास सहज मिळेल. आपल्याकडे धान्याचं माप असं होतं: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. ऐकायला गोड, पण शेर सगळीकडे सारखा नव्हता. मापी शेर वेगळा, वजनी शेर वेगळा. एका बाजारचा शेर दुसऱ्या बाजारी लहान ठरे. मग पुस्तकात 'एक शेर रवा' लिहिलं तर कुणाचा शेर धरायचा? १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. दुकानातला घोळ त्यामुळे मिटला. स्वयंपाकघरात तराजू नव्हता तो नव्हताच.

या अडचणीतून वाट काढणाऱ्या बाईचं नाव कमलाबाई ओगले. १९१३ चा जन्म, माहेर आजच्या सांगली जिल्ह्यातलं कुंडल, शिक्षण चौथीपर्यंत. स्वयंपाकाचं खरं शिक्षण सांगलीला सासूबाईंच्या हाताखाली झालं. त्यांचं 'रुचिरा' १९७० साली किर्लोस्कर प्रकाशनाने काढलं. 'स्त्री' मासिक १९३० पासून घरोघर पोचवणारी हीच मंडळी. 'रुचिरा'त माप वाटीचं आणि चमच्याचं. एवढीच गोष्ट, पण तिने काम केलं. पुरणाला एक वाटी हरभऱ्याची डाळ आणि एक वाटी गूळ, असं म्हटलं की तुमची वाटी मोठी आहे की लहान, हा प्रश्नच उरत नाही. वाटी तीच ठेवा, पुरण बिघडत नाही. प्रमाण म्हणजे काय, हे चौथी शिकलेल्या बाईने लाखांवर घरांना असं शिकवलं. मुंबईच्या दोन खोल्यांत किंवा परदेशात एकटीने संसार थाटणाऱ्या मुलींच्या सामानात हे पुस्तक असे, कारण तिथे विचारायला सासूही नव्हती आणि शेजारच्या काकूही नव्हत्या. कमलाबाई १९९९ साली गेल्या.

तरी 'अंदाजा'ला नावं ठेवायचं कारण नाही. अंदाजामागे कारण असतं, सांगणारीला ते शब्दांत मांडता येत नाही इतकंच. "डाळ मऊ झाल्याशिवाय चिंच-गूळ घालू नको," असं आजी दटावून सांगायची. आंबट आणि गोड आधी पडलं तर डाळीचा दाणा आळसतो, लवकर शिजत नाही, हे तिने शंभरदा पाहिलं होतं. "ज्वारीचं पीठ जुनं झालं, विरी गेली, आता आधणाच्या पाण्यात भिजव," असं ती म्हणायची. गव्हाच्या पिठाला जी चिकटाई असते, ती ज्वारीच्या पिठाला नाही. उकळतं पाणी पडलं की पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि भाकरी थापता येते. हे विज्ञानाच्या गुरुजींनी वर्गात करून दाखवावं. दोन मुठी पीठ आणि तांब्याभर पाणी पुरेल.

भाकरीच्या या सल्ल्यावरून मला १९७२ साल आठवतं. त्या सालचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना मिलो हा शब्द सांगावा लागत नाही. घरची ज्वारी संपली, विहिरी आटल्या आणि रेशनवर अमेरिकेतली तांबडी ज्वारी आली, ती मिलो. माणसं दुष्काळी कामांवर होती, खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती. १९७३ च्या मे महिन्यात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. दिवसभर दगड फोडून आलेल्या बाईने रात्री ते तांबडं पीठ परातीत घेतलं, तर भाकरी थापता थापता चिरत जाई आणि तव्यावर टाकताना तुटे. धान्य नवं, कुणाच्या आजीने ते कधी पाहिलेलं नाही. जुनं शहाणपण निम्मं उपयोगी, निम्मं निरुपयोगी. मग कामावरच, पाटीत माती भरता भरता, एकमेकींना विचारणं सुरू झालं. कुणी पीठ आधणात भिजवलं, कुणी भाकरीचा नाद सोडून घाटा केला, कुणी मूठभर घरची ज्वारी असेल ती त्यात मिसळून दळली. कामावर सुकडी मिळे, ती लेकरांसाठी पदराला बांधून घरी येई.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. पाककृतींची देवघेव म्हटली की आपल्यासमोर हळदीकुंकू, चकली आणि अनारसे येतात. तेही खरंच आहे. अनारशाला जाळी पडली नाही तर कोणती बाई चार घरी विचारून येत नाही? पण ज्या रात्री भाकरी तुटते आणि पोरं भुकेली बसलेली असतात, त्या रात्री शेजारणीचा एक शब्द चकलीच्या कृतीहून फार मोठा असतो. त्या सालचा इतिहास लिहिताना कामांची आणि धान्याच्या टनांची मोजदाद झाली. परातीतल्या त्या युक्त्यांची झाली नाही.

मुंबईच्या गिरणगावातही असंच घडत होतं, निराळ्या रीतीने. तिथल्या चाळीत एका भिंतीला रत्नागिरीची, दुसऱ्या भिंतीला साताऱ्याची. एकीचं वाटण ओल्या नारळाचं, दुसरीचं शेंगदाण्याच्या कुटाचं. नळ एकच, जिना एकच, आणि सोवळं पाळायला जागाच नाही. गिरणीत काम करणाऱ्या एकट्या पुरुषांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका तिथे घरोघर होत्या. घाटावरच्याला आणि कोकणातल्याला एकाच पंगतीला रुचेल असं कालवण करणं, हा त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. ही मुंबईची गोष्ट झाली. गावात शिजलेल्या अन्नाचा उंबरठा मोडायला समतानंद अनंत हरी गद्रे यांच्यासारख्यांना झुणका-भाकरीची सहभोजनं घालावी लागली, आणि लोकांची बोलणी खावी लागली.

आता मघाशी राहिलेली गोष्ट. पाककृती बोलण्यातून सगळीकडे गेली, असं मी म्हटलं नाही. गावकुसाबाहेरच्या चुलीला कुणी विचारायलाच गेलं नाही, "काल काय केलं होतं हो?" छापील पुस्तकांची शंभराहून अधिक वर्षं गेली, हजार पाकक्रिया छापून झाल्या, पण त्या चुलीची पानं कोरीच राहिली. २०१५ साली शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' प्रसिद्ध झालं. नावातच सारं आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं खाणं त्यांनी त्यात सविस्तर लिहिलं आहे. मांसाच्या पट्ट्या मीठ लावून वाळवलेल्या चान्या, रक्तापासून केलेली रक्ती, वजडी, रानातल्या भाज्या. तेल, तूप आणि दूध जिथे नव्हतंच, तिथे चव कशी आणली, हे त्यांत आहे. काही श्रोत्यांना ही नावं ऐकून कसंसंच होईल. होऊ द्या. सोमेश्वर राजाने भाजलेले उंदीर संस्कृतात लिहिले तेव्हा त्याला आपण ग्रंथ म्हटलं.

शिक्षकांना एक सुचवतो. तुमच्या गावात अजून काही घरी पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या वह्या आहेत. हिशेबाच्या वहीच्या उलट्या बाजूने मसाल्याचं प्रमाण लिहिलेलं असतं, कधी शाईने, कधी मुलाकडून लिहवून घेतलेलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या वह्या नाहीत. त्यांच्याकडे जाऊन बसावं लागेल. मुलांनी वही उतरून घ्यावी, पण मापं बदलून ग्रॅम करू नयेत. 'एक चिपटं धने' असं लिहिलं असेल तर तसंच लिहावं. चिपटं म्हणजे पाव शेर, एवढं मी सांगू शकतो. तो शेर केवढा होता, हे मात्र त्या गावातल्या जुन्या माणसालाच विचारायला हवं.